चार अंगुळांचा दावा

वल्सला वकिलांकडे घराचं भांडण घेऊन कुणी आलं, की त्या आधी कागद मागत नाहीत. "घर कुठंय? चला," म्हणतात आणि चप्पल पायात सरकवतात. समोरचा माणूस बिचारा पिशवीतून करारनामे काढत असतो, तो तसाच उठतो. केरळातल्या इरिंजालकुड्याच्या कोर्टासमोर आमच्या दोन खोल्या आहेत आणि मी, दामोदरन, बावीस वर्षं त्यांचा गुमास्ता आहे. या बावीस वर्षांत मी जेवढी अर्धवट घरं पाहिली, तेवढी गवंड्यानंही पाहिली नसतील. गळकी गच्ची, तडकलेली कमान, शेजाऱ्याच्या विहिरीत शिरलेला पाया, सगळं पाहिलं. माझे गुडघे त्यातच गेले.

त्यांचे वडील जांभ्याच्या खाणीत चिरे काढायचे. सुट्टीत या पोरीनं डोक्यावरून चिरे वाहिलेत. त्यामुळे भिंतीवर बोटाचं पेर आपटून त्या सांगतात, आत दगड भरीव आहे की पोकळ. इथले कंत्राटदार त्यांना पाठीमागे 'चिरा वकील' म्हणतात आणि कोर्टात अडकले की त्यांच्याकडेच येतात. नवरा प्रभाकरन शाळेत चित्रकला शिकवायचा. पाच वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला. मूलबाळ नाही. मंदिराच्या तळ्यामागं त्या दोघांनी बांधलेल्या घरात त्या आता एकट्या राहतात. स्वभाव फटकळ. माझ्यावर दिवसातून दोनदा तरी ओरडतात आणि संध्याकाळी चहाबरोबर केळ्याची भजी मागवतात, ती माझ्यासाठी असतात हे मला कळतं.

पौलीचं प्रकरण आलं ते गेल्या मकर महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या सुमारास. पौली चाक्कुण्णी हा आमच्या भागातला कंत्राटदार, वय चाळिशीचं, तोंडानं जरा वाचाळ पण कामाला पक्का. तो आला तो दारातच उभा राहिला.

"चेच्ची, मी मेलो." चेच्ची म्हणजे आमच्याकडे ताई.

"मेलेल्या माणसाची केस मी घेत नाही. बस आणि बोल."

झालं होतं ते असं. सेतुमाधवन म्हणून एक गृहस्थ तीस वर्षं मस्कतला नोकरी करून परतला. त्यानं घर बांधायला काढलं. आमच्याकडे घर बांधायचं तर आधी आशारी येतो. आशारी म्हणजे आमचा सुतार, पण घराचं माप ठरवण्याचा मान त्याचा. तो घराचा घेर हिशेबानं काढतो, चिठ्ठीवर लिहून देतो आणि जमिनीत खुंट्या ठोकतो. इंजिनिअरचा नकाशा त्यानंतर. घेराच्या आकड्यावरून घराचं वय निघतं: बाल्य, कौमार्य, यौवन, वार्धक्य आणि मरण. चार अंगुळं इकडची तिकडं झाली की यौवनातलं घर थेट मरणातही जातं, आणि घेर आणखी वाढला की फेरा पुन्हा बाल्यापासून सुरू होतो. मरणाच्या मापातलं घर आमच्याकडे फुकट दिलं तरी कुणी घेत नाही, मग तो मार्क्सवादी असो की चर्चमध्ये प्रार्थना घेणारा पाद्री.

सेतुमाधवनच्या घराच्या खुंट्या वेलुक्कुट्टी आशारीनं ठोकल्या. आशारीचं वय त्र्याहत्तर, आणि या पंचक्रोशीत त्याच्या शब्दावर कुणी शब्द काढत नाही. चिठ्ठीत यौवनाचं माप होतं. करारात लिहिलं होतं, 'आशारीच्या चिठ्ठीप्रमाणे'. पौलीनं घर बांधलं, दूध उतू घालून गृहप्रवेश झाला आणि सातव्या दिवशी सेतुमाधवनची आई झोपेतच गेली. कुणीतरी कान भरले. त्यानं पालक्काडहून दुसरा आशारी आणून घेर मोजला. चार अंगुळं जास्त. मरण.

त्यानं घराला कुलूप घातलं आणि दावा लावला: पौलीनं माप मोडलं, घर जोत्यासकट पाडून त्यानं स्वखर्चानं पुन्हा बांधून द्यावं. साक्षीदार म्हणून नाव कुणाचं, तर वेलुक्कुट्टी आशारीचं. आशारी सांगणार, मी बरोबर माप दिलं होतं. कोण म्हणणार खोटं?

"घर पाडायला लागलं तर मी राहतो कुठला?" पौली म्हणाला. "नुसत्या पैशाचं नाही चेच्ची. चर्चमध्ये माणसं माझ्या शेजारी बसेनात. 'यानं म्हातारी मारली' म्हणतात. बायकोनं काल विचारलं, 'खरंच दोरी ढिली सोडली होतीस का?' माझ्या बायकोनं!"

"सोडली होतीस का?"

"माझ्या पोरांची शपथ, नाही."

"शपथ कोर्टात घे. घर कुठंय? चला."

कोर्टानं कमिशनर नेमला होता. तो गुरुवारी येऊन घेर मोजणार आणि अहवाल देणार. आम्ही गेलो तो सोमवार. तिघांनी मिळून भर उन्हात पोलादी टेप धरला. वल्सला मॅडमना आधी संशय गिलाव्याचा होता, कारण गिलावा जाड बसला की घेर वाढतो. त्यांनी चारी कोपऱ्यांवर छिन्नीनं गिलावा उडवला, उघड्या जांभ्यावर टेप लावला. मग जोत्याचा चिरा मोजला. मी आकडे लिहीत होतो. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हाही तेच आकडे आले. गिलाव्याचा दोष नव्हता. पायापासूनच घर चार अंगुळं मोठं होतं.

पौलीनं टेप सोडला. "म्हणजे मीच?"

"तू खुंटीला दोरी बांधलीस?"

"खुंटीच्या बरोबर मधोमध. आशारी स्वतः उभे होते. पाया भरेपर्यंत खुंट्या हलल्या नाहीत, माझ्याकडे फोटो आहेत."

फोटो त्यानं मोबाइलवर दाखवले. आशारी स्वतः खुंटीवर हात ठेवून उभा होता, मागे पौलीची माणसं दोरी ताणत होती. मॅडमनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "तू घरी जा. उद्या कुणाशी काही बोलू नकोस. तोंड बंद ठेवणं तुला जड जाईल, पण ठेव."

आम्ही रिक्षात बसलो. मलाच राहवेना. "मॅडम, चिठ्ठी बरोबर, दोरी बरोबर आणि घर चुकलं. हे कसं?"

"दामोदरेट्टा," त्या म्हणाल्या (एट्टा म्हणजे आमच्याकडे दादा), "मधे अजून एक गोष्ट आहे. उद्या सकाळी आशारींकडे जायचं."

मला तेव्हा उमगलं नाही. उमगलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आजारी पडलो असतो, खरं सांगतो.

मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा वेलुक्कुट्टी आशारी पडवीत पानाला चुना लावत बसला होता. मॅडमना पाहून त्याचा चेहरा फुलला. मॅडमच्या घराच्या खुंट्याही त्यानंच ठोकलेल्या.

"ये गं पोरी! विरुद्ध पक्षाच्या वकिलानं साक्षीदाराकडे यायचं नसतं ना? मला सगळं माहीत आहे."

"साक्षीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आशारी. तुमचा कोल बघायचाय."

कोल म्हणजे त्याची मोजकाठी. एक कोल चोवीस अंगुळांचा, आणि काठीही तेवढीच. ती त्याच्या पणजोबापासून घरात होती. आशारीनं हात धुतले, आत गेला आणि देवापुढची काठी दोन्ही हातांवर आडवी घेऊन आला. काळी कुळकुळीत झालेली, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, चकचकीत घासलेल्या.

"या टोप्या कधी बसवल्या?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी सपाट होता.

"दहा वर्षं झाली. टोकं झिजायला लागली होती. शंभर वर्षं जमिनीला टेकतेय, झिजणारच. कोल झिजलेला ठेवणं बरं नव्हे. चांगल्या मुहूर्तावर त्रिशूरहून कासार बोलावला, मंत्र म्हणून बसवल्या." तो कौतुकानं सांगत होता. नातीचे पैंजण दाखवावेत तसा.

मॅडमनी पिशवीतून पोलादी टेप काढला आणि काठीला लावला. मी वाकून पाहिलं. बहात्तर सेंटिमीटर असायला हवं होतं. बहात्तर आणि वर दोन मिलिमीटर. सुतळीच्या जाडीएवढं. पण बासष्ट वेळा काठी टाकून घेर मोजायचा, तर दर खेपेला सुतळीएवढं वाढत वाढत किती होणार? बारा सेंटिमीटरच्या वर, म्हणजे चार अंगुळं.

आशारीला काही सांगावं लागलं नाही. आयुष्यभर मापात गेलेला माणूस तो. त्याची नजर टेपवर गेली, टोपीवर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं काठी हळूच पडवीत खाली ठेवली.

आत त्याची सून नारळ खवत होती, तेवढा आवाज येत होता.

"एकतीस घरं," शेवटी तो म्हणाला. "टोप्या बसवल्यावर एकतीस घरांच्या खुंट्या मारल्या मी." आणि मग त्यानं मॅडमकडे पाहिलं. "तुझं सहावं."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

मी तेव्हा हिशेब केला, आणि मला लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की माझं घर आजोबांच्या काळचं आहे. मी सुटलो. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"सगळीच काही मरणात पडणार नाहीत," आशारी पुटपुटला. "ज्याचा त्याचा घेर वेगळा. काही वाचतील. पण कोणती, ते पुन्हा मोजल्याशिवाय..." त्यानं पायरीवर बसून घेतलं. "लोक मोजतील गं. एकाला कळलं की सगळे मोजतील. पोराला ताप आला तरी म्हणतील, वेलुक्कुट्टीनं मारलं. एकतीस घरांत मी..." त्यानं मान वर केली. "पोरी, तू सांगणार?"

"पौली माझा अशील आहे."

"हो. ते आहेच."

"त्यानं दोरी सोडली नाही, आशारी. तुमच्या खुंटीवर बांधलं त्यानं. हे सांगितलं नाही तर त्याचं घरदार जाईल."

"मला उद्यापर्यंत वेळ दे."

"मध्यस्थीसाठी उद्याचीच तारीख मागून घेते. बंद खोलीत होतं ते. तिथं बोललेलं कोर्टात वापरता येत नाही, कमिशनरच्या अहवालात येत नाही. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर गुरुवारी कमिशनरपुढे मला काठी मागवावी लागेल. उघड्यावर. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तो काठी जाळून टाकेल तर? पुरावाच जाईल."

"जाळेल तर जाळेल."

"आणि पौली?"

त्या माझ्यावर ओरडल्या. रस्त्यात, माणसांपुढे. "मला काय कळत नाही का? सगळं मीच ठरवायचं का?" मग लगेच म्हणाल्या, "चहा घ्या तुम्ही. मला नको." त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मीही मग माझा उघडला नाही.

बुधवारी मध्यस्थी केंद्रात खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या होत्या. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त बाई बसल्या होत्या. सेतुमाधवन आला तो इस्त्रीचा पांढरा मुंडू नेसून, हातात आईचा फोटो. फोटो त्यानं टेबलावर आमच्याकडे तोंड करून ठेवला. पौली त्याच्यासमोर मान खाली घालून बसला. आशारी आला नव्हता.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले.

"तडजोड कसली करायची?" सेतुमाधवन म्हणाला. "घर पाडा. एवढंच. मी आखातात भट्टीसारख्या उन्हात तीस वर्षं काढली, या माणसानं माझ्या आईला सात दिवसांत संपवलं. म्हातारी म्हणत होती, पोरा, घर फार सुंदर झालंय. याला लाज नाही."

"सेतुवेट्टा, मी..." पौली उठायला लागला. मॅडमनी त्याचा सदरा धरून खाली बसवला. त्या दाराकडे पाहत होत्या. त्यांच्या हातात पेन्सिल होती आणि ती त्या बोटांत एकसारखी फिरवत होत्या. मला ठाऊक होतं, पावणेबारा वाजले की त्या बोलायला सुरुवात करणार आणि मग मागे फिरणं नाही.

दार उघडलं. आशारी एकटाच आला होता, धुतलेलं वस्त्र खांद्यावर, हातात रेशमी कापडात गुंडाळलेली काठी. सेतुमाधवन आदरानं उठून उभा राहिला. आशारीनं त्याला बसायची खूण केली नाही. कापड सोडलं, काठी टेबलावर ठेवली, शेजारी पोलादी टेप ठेवला, स्वतः विकत आणलेला, नवा कोरा.

"पौलीनं बरोबर बांधलं," तो म्हणाला. "माझा कोल चुकीचा आहे. तुम्ही मोजा."

सेतुमाधवननं मोजलं. दोनदा मोजलं. मग त्याचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"तुम्ही? मी तुमच्या पाया पडून गेलो होतो! आणि किती घरं अशी? बोला! सगळ्या गावाला सांगतो. एकेका दारात जाऊन सांगतो, बाहेर पडा, हे घर तुम्हाला खाणार आहे म्हणून!"

"इथलं बोलणं इथंच राहील," मध्यस्थ बाई म्हणाल्या.

"कोर्टात राहील! गावात कोण अडवतं मला?"

खरंच होतं. त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. पौलीवरचा आळ पुसला गेला होता, तरी तो आशारीकडे पाहून रडत होता, कारण त्याच्या थोरल्या बहिणीचं घरही त्या एकतिसांत होतं. त्या खुंट्याही आशारीनं याच काठीनं मारल्या होत्या. आशारी हात जोडून उभा होता.

तेव्हा वल्सला मॅडम उठल्या. सेतुमाधवनजवळची खुर्ची ओढून त्याच्या अगदी पुढ्यात बसल्या.

"एका दारात तुम्हाला जावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे. तळ्यामागचं घर, सहावं. याच काठीनं मोजलेलं. काल मी पुन्हा मोजलं. मरणातच पडतं."

सेतुमाधवनचा आवाज उतरला. "तुमचे... घरचे?"

"नवरा गेला. पाच वर्षं झाली."

तो आता म्हणणार, बघा, म्हणजे खरंच आहे. त्याच्या ओठांवर आलंच होतं ते.

"त्यांचं मूत्रपिंड घर बांधायच्या आधीच गेलेलं होतं," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर फार तर. घरात ते तीन वर्षं जगले. तीन. रोज सकाळी व्हरांड्यात बसून तळ्याचं चित्र काढायचे. त्या घरानं माझं काही नेलं नाही, सेतुवेट्टा. दोन वर्षं जास्त दिली. आई किती वर्षांच्या होत्या?"

"सत्त्याऐंशी."

"झोपेत गेल्या. मुलाच्या घरात. पोरा, सुंदर झालंय म्हणून." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी ते घर पाडणार नाही. तुम्हीही पाडू नका."

सेतुमाधवननं आईचा फोटो हातात घेतला. मग तो स्वतःकडे तोंड करून परत ठेवला. "पण माप तरी..."

आशारी पुढे झाला. "जोत्याभोवती जांभ्याची एक पट्टी घातली की घेर यौवनात येतो. मी पोलादी टेपनं मोजून देतो. दुसरा आशारी शेजारी उभा करा, मला राग नाही."

"पट्टी मी घालतो," पौली म्हणाला. "एक पैसा नको."

दोन वाजता करारावर सह्या झाल्या: दावा मागे, आणि या खोलीतलं बाहेर कुठंही बोलायचं नाही. सेतुमाधवननं सही करताना शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि मग केली. आशारीनं काठी मॅडमपुढे सरकवली. त्या म्हणाल्या, तुमच्या देवापुढेच ठेवा, फक्त आता हातात घेऊ नका. बाकीच्या तीस घरी काहीतरी निमित्त काढून तो एकेक जाऊन मोजून येणार होता आणि जिथं लागेल तिथं पौली पट्टी घालणार होता. कुणाला कारण न सांगता. त्या कामाला पुढे दीड वर्ष लागणार होतं.

आम्ही जिना उतरलो. कोर्टाच्या आवारात वकिलांची, पक्षकारांची गर्दी होती. मॅडम भराभर चालत होत्या. मी मागून चालत होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलंच.

"मॅडम, प्रभाकरन मास्तरांची औषधांच्या परताव्याची फाइल मीच लावली होती."

त्या थांबल्या.

"पहिला कागद गृहप्रवेशानंतर आठ महिन्यांचा आहे. त्याआधी त्यांना साधी सर्दी नव्हती. गृहप्रवेशाच्या दिवशी समई मी आणि त्यांनी धरून आत नेली, तेव्हा मी धापा टाकत होतो, ते हसत होते."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दामोदरेट्टा," त्या हळू म्हणाल्या, "मी त्या घरात रोज एकटी झोपते. मी दुसरं काय म्हणायचं होतं?"

मी त्यांच्या हातातली फाइल घेतली आणि आम्ही रस्ता ओलांडला.